फुलपाखरांसाठी झाड निवडताना फुलाआधी पान पाहावे

पावसाळा ओसरू लागला की ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला’ अशा मथळ्याची एखादी चित्रफीत समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. हमिंगबर्डच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, पण त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या. भारतात त्यांतील एकही आढळत नाही. चित्रफितीत असतो तो बहुधा दिवसा उडणारा हॉक मॉथ हा पतंग, जो फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मकरंद पितो, किंवा मग आपला शिंजीर हा मकरंद पिणारा छोटा पक्षी. हा गैरसमज निरुपद्रवी आहे. मात्र ‘फुलपाखरे आणि हमिंगबर्ड आकर्षित करणारी झाडे’ अशा परदेशी याद्या जशाच्या तशा घेऊन रोपवाटिकेत जाणाऱ्यांची निराशा होते, कारण अशा याद्यांत बहुतांशी फुलेच असतात.

फुलातील मकरंद प्रौढ फुलपाखराला उडण्यासाठी ऊर्जा देतो आणि त्याबाबत ते फारसे चोखंदळ नसते; झेंडू, एक्झोरा, सदाफुली असे बरेच काही त्याला चालते. अळी मात्र पाने खाते आणि तिचा आहार बहुधा एखाद्या वनस्पतिकुळापुरता मर्यादित असतो. म्हणूनच मादी अंडे घालण्यापूर्वी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते. त्या पायांवर चव ओळखणारे ग्राहक, म्हणजे विशिष्ट रसायन टिपणारी प्रथिने (रिसेप्टर), असतात. लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या एका फुलपाखराच्या पायांवर, पानातील सिनेफ्रिन हे रसायन ओळखणारा ग्राहक जपानी संशोधकांना २०११ मध्ये सापडला.

इतकी पारख कशासाठी, हे रुईच्या उदाहरणावरून उत्तम समजते. रुईच्या चिकात कार्डिनोलाइड गटातील विषे असतात. प्राण्यांच्या पेशीपटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे प्रथिन असते. ते प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. या देवाणघेवाणीतून पटलाच्या दोन्ही बाजूंना जो विद्युतभाराचा फरक टिकून राहतो, त्यावर मज्जातंतूंचे संदेशवहन आणि हृदयाचे ठोके अवलंबून असतात. कार्डिनोलाइडचा रेणू या पंपाच्या बाहेरील अंगाच्या खोबणीत कुलपात अडकलेल्या किल्लीसारखा रुतून बसतो आणि पंप बंद पडतो. रुईवर वाढणाऱ्या आपल्या प्लेन टायगर फुलपाखराचा अमेरिकी भाऊबंद असलेल्या मोनार्कमध्ये या प्रथिनाच्या साखळीत १२२व्या स्थानी अ‍ॅस्परजिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आलेले आहे, त्यामुळे विषाला तेथे घट्ट पकड मिळत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये फळमाशीच्या याच प्रथिनाच्या जनुकात १११, ११९ आणि १२२ या तीन स्थानी मोनार्कसारखे बदल केले, तेव्हा त्या माशीलाही हे विष सोसू लागले. त्यातली गंमत अशी की १२२व्या स्थानाचा बदल एकटाच केला, तर माशी विषाला दाद देत नसे, पण जोराचा हादरा बसताच लुळी पडत असे. ११९व्या स्थानाचा बदल जोडीला असला की हा दोष कमी होई. विष पचवण्याची क्षमता उत्क्रांतीत अशी टप्प्याटप्प्याने आणि किंमत मोजून मिळते, आणि एका विषावरचा तोडगा दुसऱ्या कुळातील विषावर चालेलच असे नाही. म्हणून रुईवर वाढणारी प्लेन टायगरची अळी लिंबावर उपाशी मरते, तर लिंबावरची अळी रुईकडे फिरकत नाही.

चीक असलेली झाडे घराजवळ अशुभ असतात, असे वास्तुशास्त्राच्या नावाखाली सांगितले जाते आणि मारुतीला जिच्या पानांची माळ घालायची तीच रुई कुंपणातून उपटली जाते. तिचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, एवढे खरे आहे. त्यामुळे लहान मुलांच्या हाताशी ती नसावी आणि छाटणी हातमोजे घालून करावी. शुभाशुभाचा येथे काही संबंध नाही.

महाराष्ट्रातील बागेसाठी निवड अवघड नाही. लिंबू आणि कढीपत्ता लावल्यास लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे येतात. आसपास झाडी असेल तर लिंबूवर्गीय झाडांवर ब्लू मॉर्मनही अंडी घालते, ज्याला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा दर्जा मिळाला. सोसायट्यांच्या कडेने रांगेत उभा असणारा उंच खोटा अशोक आणि सोनचाफा टेल्ड जेला पोसतात, बहावा कॉमन एमिग्रंटला, आणि कण्हेर कॉमन क्रोला. शिंजिरांसाठी हॅमेलिया लावावी; तिच्या मायदेशी तिच्या नळीसारख्या केशरी फुलांवर हमिंगबर्ड तरंगत येतात, आपल्याकडे शिंजीर बहुधा फांदीवर बसून तोच मकरंद पितात. घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी होते हे मान्य केले, तरी आपली राने व्यापून बसलेली ही परकी वनस्पती मुद्दाम लावण्याचे काही कारण नाही.

एवढे करून पानांना भोके पडताच फवारणी केली, तर सारेच व्यर्थ जाते. ‘सेंद्रिय’ म्हणून विकला जाणारा निंबोळी अर्कही अळीला मारकच ठरतो. कुंडीतील लहान रोप मोठ्या झालेल्या अळ्या काही दिवसांत निष्पर्ण करू शकतात, म्हणून लिंबाची किंवा कढीपत्त्याची दोन-तीन रोपे एकाच वेळी ठेवावीत. एका रोपाची पाने संपली, तर अळ्या त्याच जातीच्या दुसऱ्या रोपावर हलवता येतात आणि पहिल्याला नवी पालवी फुटेपर्यंत उसंत मिळते.