मनाविरुद्ध निबंध लिहिला की मत बदलतं का? ३९ लॅबनी विचारलं

नववीत असताना आमच्याकडे वादविवाद स्पर्धा होती, विषय गणवेश हवा की नको, आणि कुणी कुठल्या बाजूने बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला गणवेशाबद्दल काही तक्रार नव्हती, उलट सकाळी उठून काय घालायचं हा प्रश्नच येत नाही म्हणून बरंच वाटायचं, पण माझी चिठ्ठी निघाली 'नको'ची. मग चार दिवस बसून मुद्दे काढले, आईला स्वयंपाक करताना ऐकवले, आरशासमोर हातवारे केले, नंबर काही आला नाही, पण स्पर्धा संपली तरी माझ्या डोक्यातून ते मुद्दे जाईनात आणि दिवाळीनंतर नवीन गणवेश शिवायला टाकताना मी घरात चक्क भांडलो.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे २०२४ मध्ये छापून आलेला एक मोठा प्रयोग. ३९ लॅब, १९ देश, १४ भाषा, ४,८९८ माणसं, आणि प्रश्न साधारण हाच की स्वतःला न पटणारी बाजू मांडायला लावली की माणसाचं मत बदलतं का, आणि मुख्य म्हणजे का बदलतं. या 'का' वर मानसशास्त्रात जवळजवळ ७० वर्षं एक थिअरी ठाण मांडून बसलीये, कॉग्निटिव्ह डिसोनन्स. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेली. थोडक्यात, आपण वागतो एक आणि मानतो दुसरंच, असं झालं की आत काहीतरी टोचत राहतं. केलेली कृती तर मागे घेता येत नाही, मग आपण गुपचूप मतच सरकवतो आणि टोचणी थांबवतो.

यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९५९ चा, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीतला, फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा, आणि तो नीट सांगायलाच हवा कारण त्यात नाटक भरपूर आहे. विद्यार्थ्याला खोलीत बसवायचं, समोर एक ट्रे आणि १२ रिळं. एका हाताने ती ट्रेमध्ये ठेवायची, मग काढायची, परत ठेवायची, असं अर्धा तास. मग एक पाट आणायचा ज्यात ४८ चौकोनी खुंट्या, एकेक खुंटी पाव फेरा फिरवायची, शेवटपर्यंत गेलं की परत पहिलीपासून, असं आणखी अर्धा तास. शेजारी प्रयोग घेणारा हातात स्टॉपवॉच घेऊन काहीतरी लिहीत असल्यासारखं करतोय. एक तास हे केल्यावर कुणालाही जांभया येणारच, आणि तेच हवं होतं. मग तो म्हणतो की बाहेर पुढची मुलगी बसलीये, तिला कुणीतरी आधी सांगायचं असतं की हा प्रयोग एकदम मजेशीर आहे, आमचा नेहमीचा माणूस आज आला नाही, तुम्ही सांगाल का, पैसे देऊ. कुणाला १ डॉलर, कुणाला २० डॉलर, आणि १९५९ मध्ये २० डॉलर म्हणजे विद्यार्थ्यासाठी घसघशीत रक्कम. ती मुलगी अर्थातच त्यांचीच, ती मुद्दाम म्हणायची की माझ्या मैत्रिणीने हा प्रयोग केलाय, ती म्हणाली कसंही करून टाळ, आणि मग आपला पठ्ठ्या तिला पटवून द्यायचा की अगं नाही नाही, छान आहे.

७१ जण होते, त्यातल्या ११ जणांची माहिती बाद केली. काहींना संशय आला, तिघांनी काम घ्यायलाच नकार दिला, दोघांनी मुलीला खरं काय ते सांगून टाकलं, आणि एकाने तिचा फोन नंबर मागितला, म्हणाला नंतर फोन करून समजावतो काय प्रकार आहे ते. मला हा शेवटचा माणूस फार आवडतो. उरले ६०, प्रत्येक गटात २०, तिसरा गट खोटं न बोललेल्यांचा. शेवटी सगळ्यांना विचारलं की काम किती मजेचं वाटलं, उणे ५ ते अधिक ५ मध्ये सांगा. खोटं न बोललेले उणे ०.४५, २० डॉलरवाले उणे ०.०५, आणि १ डॉलरवाले अधिक १.३५. म्हणजे कमी पैसे मिळालेल्यांना काम जास्त आवडलं! फेस्टिंगरचं म्हणणं असं की २० डॉलरवाल्याकडे कारण आहे, पैशासाठी बोललो, विषय संपला. १ डॉलरसाठी मात्र कोण खोटं बोलतं, मग मन म्हणतं की अरे ते काम तसं वाईट नव्हतंच.

याच प्रयोगाच्या पेपरात आकड्यांचं जे टेबल छापलंय त्यात एक गंमत आहे. प्रयोगातून किती शिकायला मिळालं, ० ते १०, या प्रश्नाला खोटं न बोललेल्या गटाची सरासरी दिलीये ३.०८. आता २० जणांनी पूर्ण आकडे सांगितले तर बेरीज ६१ येईल किंवा ६२ येईल, भागिले २० म्हणजे ३.०५ किंवा ३.१०, मध्ये ३.०८ येऊच शकत नाही. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या दोघांनी २०१६ च्या सुमारास हीच चौथीच्या गणितातली ट्रिक ग्रिम टेस्ट म्हणून पुढे आणली आणि मानसशास्त्राच्या शोधनिबंधांमध्ये असे बरेच आकडे सापडले. पण मी बसून करून पाहिलं, एकाने जरी 'साडेतीन' वगैरे सांगितलं असेल तर बेरीज ६१.५ आणि सरासरी ३.०७५, म्हणजे ३.०८ बरोबर येते. प्रश्न तोंडी विचारले होते त्यामुळे हे अगदीच शक्य आहे. उगाच चोर म्हणायला नको.

बरं, नंतर लोकांनी हा प्रयोग सुटसुटीत केला. रिळं आणि खुंट्या गेल्या, निबंध आला. विद्यार्थ्याला त्याच्या मताच्या उलट निबंध लिहायला सांगायचं, आणि अर्ध्यांना म्हणायचं की लिहायचा की नाही हे पूर्ण तुमच्यावर आहे, अर्ध्यांना म्हणायचं लिहावाच लागेल. १९६७ मध्ये लिंडर, कूपर आणि जोन्स यांनी दाखवलं की मोकळीक असेल तरच कमी पैशात मत जास्त बदलतं, सक्ती असेल तर उलटं, जास्त पैसे मिळाले की जास्त बदलतं. हे थिअरीला चपखल बसतं, कारण सक्तीने लिहिलं तर सबब तयार आहे, 'सांगितलं म्हणून लिहिलं'. म्हणजे अख्ख्या इमारतीचा खांब हा, आपण हे स्वतःहून केलं ही जाणीव.

३९ लॅबनी नेमका हाच खांब हलवून पाहिला. डेव्हिड वेदिस आणि विलेम स्लीगर्स या संशोधकांनी पुढाकार घेतला आणि आधार घेतला १९८३ च्या क्रॉइल आणि कूपर यांच्या प्रयोगाचा. तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतला होता, कॅम्पसवर दारूबंदी असावी असा निबंध विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेला, म्हणजे मनाविरुद्धच असणार हे सांगायला नको. पण दारूचा विषय १९ देशांत सारखा चालणार नाही, त्यामुळे आता विषय घेतला तो फी वाढवण्याचा. फी वाढवा म्हणणारा विद्यार्थी जगात कुठेही शोधून सापडणार नाही, त्यामुळे निवड हुशारीची होती. तीन गट केले, एकाला मोकळीक देऊन फीवाढीच्या बाजूने लिहायला सांगितलं, दुसऱ्याला सक्तीने, आणि तिसऱ्याने भलत्याच साध्या विषयावर लिहिलं. आकडेमोड कशी करायची हे आधीच ठरवून ठेवलं, म्हणजे नंतर हवं ते निवडायला वाव नाही.

निकाल असा की मोकळीकवाले आणि सक्तीवाले यांच्या मतांत म्हणण्यासारखा काहीच फरक नाही. खांब हलवला आणि इमारतीला कळलंही नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, फीवाढीच्या बाजूने लिहिलेल्या दोन्ही गटांची मतं साध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा फीवाढीकडे झुकलेली निघाली. म्हणजे लिहिल्याने मत सरकतं हे खरं, फक्त ते स्वेच्छेच्या टोचणीमुळे सरकतं असं काही दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल की झालं ना सिद्ध, मत तर बदललं. तसं नाही होत, कारण मत बदलायला टोचणीच लागते असं नाही. अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत जॅनिस आणि किंग यांनी १९५४ मध्येच, म्हणजे फेस्टिंगरचं पुस्तक यायच्या आधी दाखवलं होतं की भाषण ऐकणाऱ्यापेक्षा भाषण करणाऱ्याचंच मत जास्त हलतं. आपणच मुद्दे शोधतो, आपणच जुळवतो, आणि आपलेच मुद्दे आपल्याला पटतात, त्यात टोचणी कुठे आली? माझ्या गणवेशाचं तरी दुसरं काय झालं, चिठ्ठीत मोकळीक कसली? दुसरं स्पष्टीकरण डॅरिल बेम यांचं, १९६७ चं, ते म्हणतात आपण स्वतःकडेही परक्यासारखं बघतो, 'मी असं लिहिलंय म्हणजे मला असंच वाटत असणार'. आणि हेच बेम, २०११ मध्ये यांनी माणसाला भविष्य आधीच जाणवतं असे नऊ प्रयोग एका नामांकित जर्नलमध्ये छापले, तेव्हा लोकांना वाटायला लागलं की अगदी रीतसर पद्धतीने जर भविष्यज्ञान सिद्ध होत असेल तर पद्धतीतच काहीतरी घोळ आहे, आणि जुने प्रयोग परत करून बघायची लाट उठायला जी कारणं झाली त्यात हे एक. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा केले, मूळच्या ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता, दुसऱ्यांदा फक्त ३६ टक्क्यांत आला.

डिसोनन्सच्या बाजूचे लोक गप्प बसलेले नाहीत. त्यांचा मुख्य आक्षेप असा की मोकळीक आणि सक्ती यातला फरक लोकांच्या मनात नीट उतरलाच नाही, मग परिणाम कुठून दिसणार. मला यात थोडं तथ्य वाटतं. आज कुठल्याही प्रयोगात आधी कागदावर सही घेतात की तुम्ही कधीही उठून जाऊ शकता, त्यानंतर 'लिहावंच लागेल' म्हटलं तरी ती सक्ती किती खरी वाटणार? पण मग जवळपास पाच हजार माणसांत जी गोष्ट उठून दिसत नाही ती ४० वर्षांपूर्वी मूठभर पोरांत एवढी ठसठशीत कशी दिसली, हेही सांगायला लागेल, आणि ते उत्तर मला अजून समाधानकारक वाटलेलं नाही.

मात्र यावरून थिअरीच खोटी असं म्हणणं घाईचं होईल, कारण ती मुळात निबंधातून आलेलीच नाही. ती आली बिहारमधून! १५ जानेवारी १९३४ चा भूकंप, आणि त्यानंतर उठलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी केलेला अभ्यास. जिथे धक्के जोरात जाणवले पण पडझड झाली नाही, अशा ठिकाणी लोक काय बोलत होते, तर याहून मोठा भूकंप येणार, पूर येणार. फेस्टिंगरला प्रश्न पडला की आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी कशाला पसरवतील? मग त्याला सुचलं की भीती तर वाटतेय पण आजूबाजूला भिण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून भीतीला शोभेल असं कारण तयार केलं जातंय. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरड कोसळण्यावर केलेला अभ्यास त्याने शेजारी ठेवला, तिथे विध्वंस डोळ्यांसमोर होता आणि अशा अफवा नव्हत्या. आपल्याकडे ही थिअरी शिकवताना हे सहसा सांगतच नाहीत.

आणि निबंधाशिवाय दुसरा एक रस्ता आहे, निवडीचा. जॅक ब्रेहमने १९५६ मध्ये बायकांना घरगुती वापराच्या वस्तूंना मार्क द्यायला लावले, मग दोनांतली एक भेट म्हणून निवडायला सांगितली, आणि परत मार्क घेतले. घेतलेली वस्तू वर गेली, सोडलेली खाली आली. आपल्या आंबट द्राक्षांचंच प्रकरण. २००७ मध्ये येलवाल्यांनी तर हे माकडांवरही केलं, आपल्या जेम्ससारख्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या घेऊन. माकडाने लाल आणि निळीतून लाल घेतली की पुढे निळी आणि हिरवीत ते बहुतेकदा हिरवी घ्यायचं, म्हणजे निळी नाकारल्यामुळे नावडती झाली. तर कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने बोटं मोजून दाखवली. तीन रंगांचे आवडीचे क्रम सहा, त्यातले लाल निळीच्या वर असलेले तीन: लाल-निळी-हिरवी, लाल-हिरवी-निळी, हिरवी-लाल-निळी. या तिन्हीपैकी दोनांत हिरवी निळीच्या आधीच वर आहे. म्हणजे माकडाच्या मनात काहीही बदललं नाही तरी तीनातून दोनदा ते हिरवीच उचलणार. कागदावर लिहून बघा, मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

हा धक्का मोठा होता, ब्रेहमच्या पद्धतीने झालेले कितीतरी प्रयोग त्यात सापडले. मग लोकांनी ही चूक टाळून प्रयोग पुन्हा आखले, काहींत तर निवडच आंधळी ठेवली, म्हणजे आपण काय घेतोय हे माणसाला दिसतच नाही, फक्त नंतर सांगायचं की तू हे निवडलंस. अशा दुरुस्त केलेल्या प्रयोगांची २०२१ मध्ये एकत्र मोजदाद झाली तेव्हा निवडीचा परिणाम शिल्लक राहिला होता.