पॅरिसची अंधशाळा : उठावाची अक्षरे ते सहा ठिपके

भारतात अंध मुलांच्या शाळा सुरू झाल्या त्या मिशनरी बायकांच्या पुढाकाराने. १८८७ साली अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी, तर १९०० साली मुंबईत अ‍ॅना मिलर्ड यांनी शाळा काढली. या सगळ्यांची थोरली शाळा पॅरिसची, १७८५ सालची.

ती काढणारे व्हालांतँ आउई हे भाषांचे जाणकार. १७७१ मध्ये सँतोव्हिदच्या जत्रेत त्यांनी आंधळ्या वादकांचा तमाशा पाहिला. अंगात झगे, नाकावर पुठ्ठ्याचे चष्मे, पुढ्यात स्वरलिपीचे कागद, आणि लोक हसून बेजार. हे त्यांच्या मनाला लागले. पुढे १७८४ मध्ये चर्चच्या दारात भीक मागणारा फ्रांस्वा लेस्यूर हा मुलगा त्यांचा पहिला विद्यार्थी झाला. शिकायला बसला तर भीक बुडणार, म्हणून तेवढे पैसे आउईंनी स्वतःच्या खिशातून देऊ केले. गरिबांच्या शाळांचा हा प्रश्न आजही फारसा बदललेला नाही.

आउईंची पद्धत अशी : ओला जाड कागद छपाईच्या मोठ्या खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या ठशांवर, दाबायचा, वाळला की अक्षरे वर उठतात. दोन पाने पाठीला पाठ लावून चिकटवायची. बोटांनी एकेक अक्षर चाचपत वाचता येई, पण फार सावकाश. पुस्तके अवजड आणि मोजकीच. शिवाय मुलांना स्वतःला काही लिहिता येत नसे. ही लिपी डोळसांनी डोळसांच्या सवयीने बेतलेली होती, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे भांडण याच मुद्द्यावर झाले.

राज्यक्रांतीत, १७९१ मध्ये, शाळा सरकारी झाली. नंतर तिला प्रौढ अंधांच्या जुन्या आश्रमात कोंबले गेले, आउई बाजूला पडले आणि रशियाला गेले. १८१६ मध्ये शाळा पुन्हा वेगळी झाली आणि सँ-व्हिक्तोर रस्त्यावरच्या, पाद्री घडवणाऱ्या एका जुन्या विद्यालयाच्या इमारतीत आली. जागा कोंदट आणि ओलसर होती. १८१९ मध्ये कूव्रे गावच्या खोगीर बनवणाऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा, लुई ब्राय, इथे राहायला आला. (आपण त्याला ब्रेल म्हणतो.)

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने आपली ठिपक्यांची लिपी शाळेत आणली. तिचे एकेक घर, म्हणजे एका चिन्हाची जागा, बारा ठिपक्यांपर्यंत जाई, म्हणजे बोट वर-खाली फिरवल्याशिवाय चिन्ह कळत नसे. शिवाय ती उच्चारांची लिपी, स्पेलिंगला तिथे जागाच नव्हती. लुईने घर सहा ठिपक्यांवर आणले. बोटाच्या एका पेराखाली अख्खे चिन्ह मावले आणि ६३ जुळण्या मिळाल्या. १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याने हे बरेचसे जमवले होते. गंमत अशी की १८२९ मध्ये शाळेने ही पद्धत समजावणारे जे पुस्तक छापले, त्याचा मजकूर जुन्याच उठावाच्या अक्षरांत होता.

शाळेचे संचालक पिन्ये या लिपीला अनुकूल होते. १८४० मध्ये त्यांच्या जागी द्युफो आले, आणि त्यांनी ती वर्गातून हद्दपार केली. शिक्षकांना वाचता येत नाही अशी लिपी मुलांना वेगळे पाडेल, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. माझ्या मते खरी अडचण शिक्षकांचीच होती. पण निवासी शाळेत मुले शिक्षकांपेक्षा एकमेकांबरोबर जास्त राहतात. हातात पाटी आणि टोचा असला की टिपण काढता येते, मित्राला चिठ्ठी देता येते. अशी सोय एकदा कळल्यावर मुले ती सोडतात थोडीच? बंदी असूनही लिपी टिकली ती त्यांच्यामुळे.

२२ फेब्रुवारी १८४४ रोजी अँव्हालिद बुलव्हारवरच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात उपप्रमुख ग्वादे यांनी ब्रेल लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले आणि द्युफोंचा विरोध मावळला. फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. तोवर लुईला जाऊन दोन वर्षे झाली होती. क्षयाने तो ४३ व्या वर्षी गेला.

भारतात ठिकठिकाणी वेगवेगळे संकेत चालत. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरले. मराठी ब्रेलमधला 'क' पहिल्या आणि तिसऱ्या ठिपक्याचा (डाव्या उभ्या ओळीतला वरचा आणि खालचा), म्हणजे रोमन 'के'चाच. 'कि' लिहिताना मात्र वेलांटी आधी येत नाही. आधी क, मग इकार.