रिव्हर्स कॅमेरा, बाहेरून बसवलेला

रिव्हर्स कॅमेरा : गाडी मागे घेताना मागच्या बंपरलगतचा, आरशात न दिसणारा भाग चालकाला पडद्यावर दाखवणारे उपकरण. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला कॅमेरा हा वेगळा विषय आहे. या नोंदीत, गाडी घेतल्यावर दुकानातून बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याचाच विचार केला आहे. नाशिकमध्ये त्याला ‘बॅक कॅमेरा’ किंवा नुसते ‘कॅमेरा’ म्हणतात. शिंगाडा तलावाजवळच्या कार डेकोरच्या दुकानांत ‘कॅमेरा टाकायचाय’ एवढे म्हटले की पुरते.

कॅमेऱ्याचे काम पूर्वी माणूस करीत असे आणि मालवाहू गाड्यांच्या जगात तो अजूनही करतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप गाळ्याला लागत असताना क्लीनर मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असतो आणि पत्र्यावर जोराची थाप पडली की चालक ब्रेक दाबतो. या माणसाला बाजूचा खांब दिसतो, वरची लोंबती वायर दिसते, पळत येणारे पोरही दिसते. कॅमेऱ्याला फक्त मागचे दिसते. तो घेताना एवढा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

पूर्वपीठिका : मागचे दृश्य पडद्यावर आणण्याची कल्पना जुनी आहे. ब्युइक कंपनीच्या १९५६ च्या सेंच्युरियन या प्रदर्शनीय गाडीत आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणी कॅमेरा आणि पुढे पडदा होता. विक्रीच्या गाडीत ही सोय १९९१ मध्ये जपानात टोयोटा सोअररमध्ये आली. अमेरिकेत वडिलांच्याच गाडीखाली सापडून दगावलेल्या कॅमेरॉन गुलब्रॅनसेन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि १ मे २०१८ पासून तिथल्या नव्या हलक्या वाहनांत कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना सक्ती झाली ती पार्किंग सेन्सरची, कॅमेऱ्याची नव्हे. त्यामुळे खालच्या व्हेरियंटच्या गाड्या टूं-टूं करणारे सेन्सर घेऊन येतात, पण पडदा रिकामा असतो. दुकानदाराचा धंदा या रिकाम्या पडद्यावर चालतो.

सेन्सर असताना कॅमेरा कशाला, असा प्रश्न येतोच. सेन्सर ध्वनिलहरींचा पडसाद मोजतो. काहीतरी जवळ आले एवढे तो सांगतो, पण ती भिंत आहे की गाय ते सांगत नाही. बारीक सळई, तारेचे कुंपण किंवा बंपरच्या पातळीखालचा दगड त्याच्या हिशेबातून सुटू शकतो. जुन्या नाशकात वाड्यांच्या पायऱ्या थेट गल्लीत उतरतात आणि त्या नेमक्या याच उंचीच्या असतात. सिडकोतल्या रो-हाउसच्या गल्ल्यांत संध्याकाळी गाड्यांच्या मागे पोरांचे क्रिकेट चालते. अशा ठिकाणी दोन्ही हवेत.

प्रकार : बंपरला भोक पाडून बसवायचा बटणाएवढा कॅमेरा, नंबरप्लेटच्या दिव्याच्या जागी बसणारा, डिकीच्या हँडलमध्ये बसणारा आणि नंबरप्लेटच्या चौकटीचा, असे चार प्रकार दुकानात दिसतात. हँडलचा प्रकार त्या-त्या मॉडेलसाठी येतो, महाग पडतो आणि सर्वांत नीट दिसतो. चौकटीचा प्रकार आता गैरसोयीचा झाला आहे, कारण उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या कुलुपी रिव्हेटने ठोकलेली असते. चौकट घालायची तर ते रिव्हेट तोडावे लागतात आणि ते दुकानदाराने करायचे काम नव्हे. कॅमेऱ्याचा कोणताही भाग आकड्यांवर येता कामा नये, हे तर उघडच आहे.

बोलेरोचे प्रकरण निराळे. ही गाडी सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात तयार होते, त्यामुळे नाशिककरांना ती घरची वाटते. तिची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. कॅमेरा दारावर मधोमध बसवावा तर अर्ध्या पडद्यात टायरच दिसतो. म्हणून तो स्टेपनीच्या खाली, बंपरवर बसवतात. तिथे चित्र पूर्ण येते, पण जमीन फार जवळून दिसते आणि पावसाळ्यात टायरने उडवलेला चिखल थेट काचेवर बसतो. थोडा एका बाजूला, नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी घेतला तर चिखल कमी आणि चित्र तिरके. यांतले काय पत्करायचे हे गाडी डांबरी रस्त्यावर जास्त चालते की द्राक्षबागेत, यावर ठरते.

बसवण्याची रीत : कॅमेरा विकत घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. कौशल्य सगळे वायर ओढण्यात आहे, आणि दुकान निवडताना माल न बघता हात बघावा.

कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतात. गिअर मागे पडला की गिअरबॉक्सवरचा स्विच दिव्याला करंट देतो, त्याच करंटवर कॅमेरा जागा होतो. काळी वायर अर्थिंगसाठी बॉडीच्या बोल्टला जोडायची. तो बोल्ट रंगावर न कसता खरवडून उघड्या पत्र्यावर कसायला हवा, नाहीतर चित्रात आडव्या लाटा येतात. कॅमेऱ्यापासून पुढे पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल जाते. तिच्यासोबत बहुधा एक बारीक लाल वायर चिकटूनच येते. ती स्टिरिओच्या, म्हणजे पडदा असलेल्या यंत्राच्या, मागे ‘रिव्हर्स’ किंवा ‘बॅक’ लिहिलेल्या वायरला जोडायची. या लाल वायरीत करंट आला की पडदा आपोआप कॅमेऱ्यावर जातो. चित्र येते पण हाताने बटण दाबावे लागते, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के ही लाल वायर जोडायची राहिलेली असते.

केबल मागून पुढे नेण्यासाठी दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटतात आणि तिच्याखालून नेतात. सीटबेल्टच्या यंत्रणेजवळून आणि एअरबॅगच्या वायरींतून ती जाऊ देऊ नये. एअरबॅगचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड, पिवळे असतात, त्यामुळे ते ओळखणे सोपे. मोठी कसोटी लागते ती डिकीच्या बिजागरीपाशी. डिकी आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची एक नळी असते, कारखान्याच्या वायरी तिच्यातून जातात. चांगला कारागीर ती नळी एका बाजूने काढतो, कडक तारेला केबल टेपने बांधतो, साबणाचा बोळा फिरवतो आणि हळूहळू ओढून घेतो. घाईचा कारागीर केबल नळीच्या बाहेरून, रबरी बीडिंगखालून दाबून देतो. दोन्ही कामे त्या दिवशी सारखीच दिसतात. सहा महिन्यांनी घाईने काम केलेल्या गाडीची डिकी आदळून-आदळून केबल चेपते आणि पहिल्या पावसात बीडिंगच्या फटीतून पाणी डिकीत येते.

वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळणे हा सर्रास चालणारा प्रकार. उन्हात टेपचा डिंक सुटतो. जोड डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, त्यावर आकसणारी नळी चढवलेली बरी. काही मॉडेलना कपलर-टू-कपलर किट मिळते, त्यात मूळ वायर कापावीच लागत नाही. वॉरंटीतल्या गाडीला तेच घ्यावे.

अलीकडच्या काही गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याला सलग करंट न देता संगणक तो तुकड्या-तुकड्यांनी देतो. डोळ्यांना दिवा स्थिर दिसतो, पण कॅमेऱ्याचे चित्र फडफडते. तिथे फ्यूज घालून बॅटरीवरून रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) टाकतात, त्याच्या गुंडाळीपाशी करंट स्थिर करणारा फिल्टर लावतात आणि रिव्हर्सच्या दिव्याकडून फक्त इशारा घेतात. ट्रक-बसना २४ व्होल्ट असतात, त्यांना तेवढे सोसणाराच कॅमेरा हवा. कॅमेरा एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) आणि स्टिरिओ जुना अशी जोडी जमली, तर पडद्यावर काळे-पांढरे वेडेवाकडे पट्टे येतात. माल खराब नसतो, नुसता मेळ नसतो. बिनतारी कॅमेऱ्याचे आकर्षण अनेकांना असते, पण विजेची वायर त्यालाही लागतेच आणि गर्दीच्या ठिकाणी त्याचे चित्र तुटते. कारला तरी तारेचाच घ्यावा.

रेघा : पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा या उपकरणाचा सर्वांत फसवा भाग. कॅमेरा कोणत्या गाडीवर, किती उंचीवर, किती कलून बसणार हे त्या बनवणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणजे बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्याच्या रेघा तुमच्या गाडीच्या नसतात. कारखान्याच्या काही गाड्यांत स्टिअरिंग फिरवले की रेघा वळतात, इथे त्या बहुधा सरळच राहतात.

त्या आपल्या करून घेण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. मागच्या बंपरपासून टेपने अर्धा, एक आणि दोन मीटर मोजून तिथे विटा किंवा रिकामे क्रेट ठेवावेत. हँडब्रेक ओढून, इंजिन न लावता चावी फिरवावी आणि गिअर मागे टाकावा. कोणता क्रेट कोणत्या रेघेवर येतो ते बघून कॅमेरा किंचित वर-खाली करावा आणि बंपरची कड पडद्याच्या तळाशी बारीकशी दिसेल असा कसावा. ती कड दिसत नसेल तर शेवटच्या वीतभर अंतराचा अंदाज कधीच येत नाही. अनेक कॅमेऱ्यांना वायरीचे दोन छोटे फासे असतात. एक कापला की रेघा जातात, दुसरा कापला की डावे-उजवे उलटते. मागे बसवताना चित्र आरशासारखे उलटेच हवे, म्हणजे डावीकडचा खांब पडद्यावरही डावीकडे दिसतो. मागच्या गाडीचा नंबर पडद्यावर उलटा वाचला गेला, तर जोडणी बरोबर आहे असे समजावे.

रेघा जुळल्या तरी त्या सपाट जमिनीपुरत्याच खऱ्या. मागे चढ असेल तर वस्तू असते त्याहून लांब दिसते, उतार असेल तर जवळ. तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर हे हमखास अनुभवाला येते. अधांतरी पुढे आलेल्या वस्तूचेही तसेच. टेम्पोच्या मागून लोंबणाऱ्या सळया पडद्यावर टेम्पोच्या चाकांजवळ भासतात, प्रत्यक्षात त्यांचे टोक आपल्या काचेपाशी आलेले असते.

वापर : क्रम असा असावा : गाडीत बसण्यापूर्वी मागे एक फेरी, मग दोन्ही बाजूंचे आरसे, मान वळवून नजर, आणि शेवटच्या चार-पाच फुटांना पडदा. नवशिके उलट करतात. पडद्यात डोळे घालून बसतात आणि पुढचे नाक शेजारच्या गाडीला घासते, कारण स्टिअरिंग फिरवून मागे जाताना पुढचे टोक बाहेर फेकले जाते आणि तिकडे कॅमेरा नसतो. गाडी मागे घेण्याआधी कुणाला धोका नाही याची खात्री चालकानेच करायची, असा वाहनचालनाचा नियम आहे. कॅमेऱ्यात दिसले नाही, हा बचाव होत नाही.

देखभाल : निफाड-दिंडोरीकडे थंडीत पहाटे काचेवर दव धरते, ते बोटाने न पुसता मऊ फडक्याने टिपावे. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारणीच्या दिवसांत बागेत उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर निळसर ठिपके पडतात. ते आधी साध्या पाण्याने भिजवून काढावेत. रॉकेल-पेट्रोल लावले की वरचे प्लास्टिक धुरकट होते आणि मग ते कशानेच उजळत नाही. वॉशिंग सेंटरला दाबाच्या पाण्याची तोटी कॅमेऱ्यावर जवळून धरू देऊ नये.

चित्र अधूनमधून जात असेल तर डिकी उघडझाप करून बघावे. उघडल्यावर येते आणि लावल्यावर जाते, म्हणजे बिजागरीपाशी केबल तुटते आहे. पडदा निळा किंवा काळा पडून ‘सिग्नल नाही’ आले, तर आधी उतरून रिव्हर्सचा दिवा लागतो का ते पाहावे. पुष्कळदा बल्ब बदलताना जोड सैल झालेला असतो. चित्र दुधाळ दिसत असेल आणि काच बाहेरून स्वच्छ असेल, तर आत बाष्प शिरले आहे. असा कॅमेरा उन्हात ठेवून दोन दिवस बरा होतो आणि पुन्हा दुधाळतो. तो बदलावा. ओढलेली केबल ठीक असेल आणि नव्या कॅमेऱ्याची पिन तीच असेल, तर काम डिकीच्या पॅनेलमागे पंधरा-वीस मिनिटांत संपते. मजुरी पहिल्याइतकी मागितली तर घासाघीस करायला हरकत नाही.