नॉक-ऑन (रग्बी)

नॉक-ऑन : रग्बी खेळात चेंडू हाताळताना होणारा एक नियमभंग. खेळाडूच्या हातून अथवा बाहूला लागून चेंडू प्रतिपक्षाच्या डेड-बॉल रेषेच्या (मैदानाच्या टोकाकडील शेवटच्या रेषेच्या) दिशेने गेला आणि त्याने तो पुन्हा झेलण्यापूर्वी जमिनीला किंवा अन्य खेळाडूला लागला, तर नॉक-ऑन धरतात. प्रतिपक्षाने मारलेली किक जागीच अडवताना चेंडू हातावरून पुढे उडाला, तर त्यास हा नियम लागू होत नाही.

हातात चेंडू घेऊन धावण्याचे श्रेय परंपरेने इंग्लंडमधील रग्बी स्कूल या शाळेचा विद्यार्थी विल्यम वेब एलिस यास देतात व १८२३ हे साल सांगतात. ही कथा मुख्यतः याच शाळेचे माजी विद्यार्थी मॅथ्यू ब्लॉक्सम यांच्या १८७६ व १८८० मधील लेखनावर उभी आहे. त्यापूर्वीच, १८७२ मध्ये, एलिस निवर्तले होते आणि ब्लॉक्सम स्वतः १८२३ पूर्वी शाळेतून बाहेर पडले होते. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने १८९५ मध्ये चौकशी आरंभली, तीतही प्रत्यक्षदर्शी साक्ष मिळाली नाही. त्यामुळे ही प्रथा १८३० नंतरच्या दशकात हळूहळू रुळली व १८४१-४२ च्या सुमारास तिला मान्यता मिळाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नॉक-ऑनचा उल्लेख मात्र शाळेच्या १८४५ च्या लेखी नियमांतच येतो.

पुढे गेलेला पास, म्हणजे सहकाऱ्याकडे हाताने पुढच्या दिशेने फेकलेला चेंडू, हा यापासून वेगळा दोष असून, वाद बहुधा त्यावरूनच होतात. जालन्याकडे निघालेल्या धावत्या एसटीतून कोणी चेंडू हळूच मागे टाकला, तरी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला तो काही अंतर पुढेच सरकताना दिसेल. भरधाव खेळाडूच्या पासचेही तसेच होते. म्हणून पंच मैदानावरील पट्ट्यांपेक्षा चेंडू सोडताना हात कोणत्या दिशेने फिरले, हे पाहतात. तसेच मागे टाकलेला चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन पुढे उसळला, तर दोष नाही. परभणी-नांदेड पट्ट्यातील काळ्या मातीचे मैदान उन्हाळ्यात टणक होऊन भेगाळते. त्यावर हा लंबगोल चेंडू कोणीकडे उसळेल याचा नेम नसतो, तेव्हा हे कलम तेथे विशेष ध्यानात ठेवावे लागते.

अनवधानाने झालेल्या नॉक-ऑनबद्दल प्रतिपक्षास स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून, रेटा देत चेंडू मिळविण्याची झुंज) मिळतो. झेल घेण्याची वाजवी शक्यता नसताना केवळ पास तोडण्यासाठी चेंडू हाताने पुढे ढकलला, तर तो हेतुपुरस्सर मानून पेनल्टी (दंडादाखल प्रतिपक्षाला मिळणारी किक) देतात. पिवळे कार्ड दाखविल्यास खेळाडू पंधराजणी खेळात १० मिनिटे व सातजणी खेळात २ मिनिटे बाहेर बसतो.

कबड्डीवर पोसलेल्या मराठवाड्यातील प्रेक्षकाला पंचाची शिट्टी उशिरा वाजली, असे अनेकदा वाटते. पंच हात कमरेच्या उंचीवर आडवा धरून धावत असेल, तर त्याने दोष पाहिलेला असतो. तो निर्दोष संघाला ॲडव्हांटेज, म्हणजे खेळ पुढे नेण्याची संधी, देत असतो. तीतून लाभ झाला नाही, की तो खेळ थांबवून मूळ दोषाच्या जागी स्क्रम लावतो. मोठ्या सामन्यांत टीव्ही पंचाची मदत घेता येते; ती सोय नसेल तेथे मैदानावरील पंचाला दिसले, तेच ग्राह्य धरतात.