गाण्यांचं मासिक काढायचंय? टायटल छापायच्या आधी हे वाचा

नमस्कार भाऊ, ताई! आपल्या खान्देशात अहिराणी गाण्यांचे चॅनल आता गल्लोगल्ली झालेत, त्यातले बरेच जण आमच्या प्रेसमधे येतात आणि म्हणतात एक मासिक काढायचंय, नायतर निदान दिवाळी अंक तरी, मग प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा हे पत्रकच छापून टाकलं. प्रेस घरचंच आहे.

आम्ही पहिल्यांदा जीएसएम, म्हणजे कागद किती जाड-वजनदार, ते विचारत नाही, वाचणार कोण ते विचारतो. वरातीत नाचणारा कॉलेजचा पोरगा, गावातले वहीगायन (खान्देशातलं लोकगायन) करणारे बुवा आणि शास्त्रीय मैफलीला पुढच्या रांगेत बसणारे काका, गाणं तिघांनाही आवडतं, पण तिघांसाठी मिळून काढलेला अंक तिघंही घेत नाहीत. इंग्लंडात १९८१ ला ‘केरँग’ हे संगीताचं मॅगझिन निघालं ते हार्ड रॉक-हेवी मेटलवाल्यांसाठी, नावच इलेक्ट्रिक गिटारच्या दणक्याच्या आवाजावरून ठेवलेलं. ज्याला तो आवाज माहिती त्याला वेगळं सांगावं लागत नाही की हे तुझ्यासाठी आहे.

आता टायटल, म्हणजे मुखपृष्ठ. सगळे इथंच घोळ घालतात. कलाकार, निर्माता, निर्मात्याचे काका, सगळ्यांचे गोल गोल फोटो लावले की अंक वाढदिवसाच्या बॅनरसारखा दिसतो आणि नजर कशावरच थांबत नाही. एकच चेहरा घ्या, मोठा, समोर बघणारा. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या संगीताच्या मॅगझिनचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, त्यावर ‘बीटल्स’ बँडचा गायक जॉन लेनन होता, तो पण गाताना नाही, सिनेमातल्या सैनिकाच्या वेशात, म्हणजे बघणाऱ्याला वाटलंच पाहिजे की हे काय आहे भो! नाव एकदम वर ठेवा, कारण स्टॉलवर अंक एकावर एक लागतात आणि वरची पट्टीच दिसते. आणि खाली ‘खास मुलाखत’ एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात, मुलाखतीत काय निघालं ते लिहा.

आत काय द्यायचं? आमचं मत विचाराल तर गाण्याचे बोल. ब्रिटनमधे १९७८ ला सुरू झालेलं ‘स्मॅश हिट्स’ मॅगझिन गाजलं त्यात हिट गाण्यांचे बोल छापण्याचा मोठा वाटा होता, आपल्याकडं पण सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं विकली जायचीच की. अहिराणीत तर हे जास्त चालेल, गाणी तोंडपाठ असतात पण बोल छापलेले सहसा सापडत नाहीत, कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या बायांकडं बसून लिहून घेतलीत तर अंक घरात जपून ठेवतील. मात्र कुणी लिहिलेलं गाणं असेल तर लेखी परवानगी आणा, गीतकार वारल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो, यूट्यूबवर आहे म्हणजे फुकट नाही. बोलांच्या बाजूला क्यूआर कोड टाकून देतो, वाचता वाचता गाणं लावता येतं.

‘टॉप टेन’ यादी पण वाचकाला दर महिन्याला परत आणते. ब्रिटनमधली पहिली सिंगल्सची (सुट्या गाण्यांच्या रेकॉर्डची) यादी १९५२ मधे ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकानं छापली, दुकानांत फोन करून कुठलं गाणं किती खपलं ते विचारून. तुम्ही कशावरून ठरवली ते छापा, नायतर स्वतःच्याच चॅनलची गाणी वर घेतली असं लोक म्हणणारच. याच ‘एनएमई’नं २०१५ ला अंक फुकट वाटायला सुरुवात केली, वाटप खूप वाढलं, पण खर्च जाहिरातींवर आला आणि २०१८ ला छापील साप्ताहिक बंद. म्हणून थोडी का होईना किंमत ठेवा.

बाकी कामाचं: फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानं चारच्या पटीत. मोबाईलवरचा भडक पोपटी आणि गुलाबी फोर कलर छपाईत मंद येतो, त्यावरून नंतर भांडू नका. नियमित मासिक असेल तर सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर नोंदणी लागते, त्याचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. प्रूफवर (तपासायच्या नमुन्यावर) तुमची सही झाल्याशिवाय आम्ही छपाईची प्लेट काढत नाही, आणि दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीच्या आधी द्या, त्यानंतर मशीनवर कॅलेंडर आणि लग्नपत्रिकांची गर्दी असते.