फोन उलटा ठेव, मामा

बातूमीच्या धावपट्टीवरून समुद्राच्या दिशेने उडालो, उजवीकडे वळलो आणि विमानाचं नाक ईशान्येला धरलं. उंची पाच हजार फूट. खाली जॉर्जियाचा हिरवागार किनारा, मागे काळा समुद्र. खुर्ची मात्र कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, समोर कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ आणि मांडीवर फोन. फोनच्या पडद्यावर नकाशा, त्यावर सरकणारं इवलंसं विमान, रिक्षाच्या अ‍ॅपमध्ये रिक्षा सरकताना दिसते अगदी तसं. पंधरा-सोळा मिनिटांत कुटाइसीचा विमानतळ समोर आला आणि मी खूश.

भाचा मागे उभा होता. "मामा, खिडकीबाहेर किती वेळा बघितलंस?"

आठवून पाहिलं. एकदा, आणि तेही ढग छान काढलेत म्हणून.

"मग विमान तू नाही चालवलंस, फोनने चालवलं. आता फोन उलटा ठेव, मामा, आणि पुन्हा उडव."

पुन्हा उडालो. तेच विमान, तोच वारा, तीच दिशा. पंधरा मिनिटं झाली तेव्हा समोर विमानतळ नव्हता, डोंगराचा पायथा होता.

आमचा खेळ म्हणजे डीसीएस वर्ल्ड, लढाऊ विमानांचा सिम्युलेटर. त्यात कॉकेशसचा नकाशा आणि टीएफ-५१डी मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं शिकाऊ रूप फुकट मिळतं. त्यामुळे आमच्यासारख्या हौशी लोकांचा श्रीगणेशा बहुधा इथेच होतो. मस्टँगमध्ये जीपीएस नाही. होकायंत्र, वेगाची तबकडी, उंचीची तबकडी आणि घड्याळ, एवढ्यावर भागवायचं. याला इंग्रजीत डेड रेकनिंग म्हणतात. आपल्याकडे शब्द रूढ नाही, पण व्यवहार ओळखीचा आहे: कुठून निघालो, कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती वेळ, यावरून आत्ता कुठे असू हे मांडणं. पावसाळी धुक्यात किनारा दिसेनासा झाला की तांडेलही हेच करतो.

बातूमी ते कुटाइसीचा विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर. मस्टँगची तबकडी वेग मैलांत दाखवते म्हणून मीही मैलच धरतो. ताशी २४० मैल वेग म्हणजे मिनिटाला ४ मैल. ६० मैलांना १५ मिनिटं. हिशोब इतका गुळगुळीत आहे की माणूस बेसावध होतो.

पहिली गोम वेगात. तबकडी आत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजते, आणि वर हवा विरळ असते. पाच हजार फुटांवर काटा २२२ च्या आसपास असतो तेव्हा विमान प्रत्यक्षात २४० ने जात असतं. म्हणजे सुमारे ८ टक्क्यांचा फरक. काट्यावर २४० आणून मी समाधानाने बसलो असतो, तर वेळेच्या आधीच विमानतळ ओलांडून गेलो असतो.

दुसरी गोम वाऱ्यात, आणि खरी मजा इथेच आहे. अकरावीच्या पुस्तकातला नदी ओलांडणारा नावाडी आठवा. नाक समोरच्या धक्क्याकडे धरलं तर होडी प्रवाहाबरोबर खाली जाऊन लागते. वशिष्ठीच्या मुखाशी दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कप्तानाला हा सदिशांचा धडा पुस्तकातून शिकावा लागत नाही. विमानाची नदी म्हणजे सगळीच हवा. भाच्याने त्या दिवशी ताशी २४ मैलांचा वायव्येचा वारा लावला होता. माझी वाट ईशान्येची, म्हणजे वारा बरोबर डाव्या कुशीवर. पाव तासात २४ मैलांच्या वाऱ्याने मला ६ मैल उजवीकडे नेलं. ६० मैलांत ६ मैल. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: ६० मैल गेल्यावर १ मैल चुकलात तर कोन १ अंशाने चुकला. त्या हिशोबाने मी ६ अंश चुकलो. मग उपायही तेवढाच: नाक ६ अंश डावीकडे, वाऱ्याकडे, धरायचं. विमान तिरकं दिसतं, खेकड्यासारखं चालतं, पण जमिनीवरची वाट सरळ पडते.

हाच त्रिकोण हाताने सोडवायला अमेरिकी नौदलाच्या फिलिप डाल्टनने १९३० च्या दशकात एक चकती बनवली. एका बाजूला गोल गणकपट्टी, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने वाऱ्याची खूण करायची खिडकी. ई-६बी हे तिचं नाव आजही टिकून आहे आणि उड्डाण शिकणारी पोरं ती आजही विकत घेतात. डाल्टन स्वतः १९४१ मध्ये विमान अपघातात गेला.

मग पहिल्या खेपेला, फोन सरळ असताना, मी पोचलो कसा? वारा तर तोच होता. उत्तर जरा लाजिरवाणं आहे. नकाशावरचं विमान रेषेवरून घसरलं की मी नकळत काठी डावीकडे रेटत होतो. दर मिनिटाला थोडी थोडी. वारा आहे हे मला कळलंच नाही. चूक घडायच्या आतच कुणीतरी दुरुस्त करून देत होतं, मग ती शिकायची कशी?

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये शारीरिक कौशल्यांच्या शिकवणीवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. सूर असा होता की प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच 'इतकं चुकलं' असं सांगत गेलं तर सराव चालू असेपर्यंत कामगिरी सुधारते, पण सांगणारा गप्प झाला की ती घसरते. शिकणारा त्या सांगण्याचीच कुबडी करतो. ते प्रयोग हात हलवण्याच्या साध्या कामांवरचे होते, दिशाशोधनावरचे नव्हेत, हे खरं. तरी डोंगराच्या पायथ्याशी घिरट्या घालताना मला ते फार जवळचे वाटले.

गंमत म्हणजे या धंद्यातल्या पहिल्या मोठ्या सिम्युलेटरला हे आधीच ठाऊक असल्यासारखं होतं. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनचा. वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ मध्ये एक डुलणारी विमानाची पेटी केली. आधी तिला जत्रेतल्या पाळण्याइतकीच किंमत होती. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने हवाई टपाल वाहण्याचं काम हाती घेतलं आणि हिवाळी हवेत, ढगात, रात्री एकामागून एक वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. पुढे महायुद्धात अशा हजारो पेट्या निघाल्या.

शिकाऊ वैमानिक पेटीत बसला की वरून झाकण बंद. त्याला फक्त तबकड्या दिसत. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा आणि त्यावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र, ज्याचं नावच खेकडा. पेटी जशी वळेल तसा खेकडा नकाशावर सरकायचा आणि शाईच्या चाकाने रेघ ओढत जायचा. रेघ शिक्षक बघायचा. शिकाऊ माणसाला ती झाकण उघडल्यावर दिसायची.

आमच्या फोनमध्ये तो खेकडाच आहे. फरक इतकाच की बहुतेक अ‍ॅपवाल्यांनी तो टेबलावरून उचलून वैमानिकाच्या मांडीवर ठेवला.

भाच्याने स्वतःसाठी जे छोटं अ‍ॅप जुळवलंय त्यात त्याने खेकडा परत टेबलावर नेला. उड्डाण चालू असताना पडदा काळा. अधूनमधून फोन थरथरतो आणि कोरा नकाशा समोर येतो: विमान नाही, रेघ नाही, फक्त डोंगर, नद्या, गावं. 'मी इथे आहे' असं वाटेल तिथे टाचणी टोचायची. पडदा पुन्हा काळा. उतरल्यावर सगळं एकदम उघडतं: लाल रेघ ठरवलेली, निळी रेघ घडलेली, आणि टाचण्या आपल्या समजुतीच्या.

निळी रेघ वाचता येऊ लागली की चुकीचं कारण तिच्या आकारातच सापडतं. रेघ सरळ आहे पण सुरुवातीपासूनच कोनात फाकली? वारा विसरलात, किंवा दिशाच चुकीची काढली. लाल रेघेला समांतर पण बाजूला? उडाल्यावर वळायला उशीर केलात. बरोबर रेघेवर, पण टाचण्या सगळ्या मागे किंवा पुढे? वेगाचा हिशोब चुकला. आणि गांडुळासारखी नागमोडी असेल तर गणिताचा दोष नाही, हाताचा आहे.

हे सगळं फोनपर्यंत येतं कसं, यातही थोडी गंमत आहे. डीसीएसच्या फोल्डरमध्ये लुआ नावाच्या संगणकाच्या भाषेतली एक छोटी फाइल ठेवता येते. खेळ चालू असताना ती खेळालाच विचारते: उंची किती, वेग किती, कुठे आहेस? मिळालेले आकडे ती घरच्या वायफायवरून फोनकडे फेकते. आमच्याकडे सेकंदाला दहा वेळा. ही युक्ती जुनीच आहे. २००१ सालच्या आयएल-२ स्टुर्मोव्हिक या विमानांच्या खेळाच्या घराण्यातही डिव्हाइसलिंक नावाची अशीच खिडकी होती आणि हौशी लोक तिच्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तबकड्या उभ्या करायचे. आकडे पाठवायची पद्धत यूडीपी. म्हणजे साधं पोस्टकार्ड: टाकलं पेटीत, पोचलं तर पोचलं, पोच मागायची नाही. इथे तेच योग्य. एखादं पत्र हरवलं तर दशांश सेकंदात नवं येतंय, आणि हरवलेलं शोधून आणलं तरी त्यातला पत्ता शिळाच. अनेकजण एकत्र खेळतात त्या सर्व्हरचा मालक ही खिडकी बंदही करू शकतो. करावीच, असं माझं मत. समोरचा माणूस नदीकडे बघून वाट काढत असताना आपण फोनवर बघायचं, याला काय म्हणतात ते गल्लीतल्या क्रिकेटमध्येच कळलेलं असतं.

अ‍ॅपमध्ये दिशा काढताना भाचा तीन दिवस अडकला तो मात्र उत्तर दिशेपाशी. उत्तर एक नसते, तीन असतात. एक ध्रुवाची खरी उत्तर. दुसरी होकायंत्राची, जॉर्जियात ती खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला साधारण सहा-सात अंश सरकलेली. तिसरी नकाशावर आखलेल्या चौकटीची, म्हणजे तिच्या उभ्या रेघांची. खेळातली जमीन सपाट कागदासारखी मांडलेली आहे. गोल पृथ्वी सपाट करताना एका मध्य रेखांशावरच चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळते. कॉकेशसच्या नकाशात तो रेखांश ३३ अंश पूर्व. बातूमी आहे ४१.६ अंशांवर, तेव्हा तिथे चौकट पावणेसहा अंशांच्या आसपास फिरलेली, आणि तीही पूर्वेलाच. म्हणजे योगायोगाने बातूमीला चौकटीची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर जवळजवळ एकच! त्यामुळे चुकीचं सूत्र लिहिलं तरी दिशा बरोबर येत होती. पश्चिमेला, ३७ अंशांवरच्या अनापाला उडून बघितलं तेव्हा तिथे चौकट तीनच अंश फिरलेली, आणि बिंग फुटलं.

सगळं सुधारल्यावरही मला कुटाइसी चुकवायची भीती होतीच. वाऱ्याचा आकडा अंदाजाचा. दोन-तीन अंश इकडे तिकडे झाले तर विमानतळ डावीकडे राहिला की उजवीकडे, हे कळणार कसं? यावरचं औषध फ्रान्सिस चिचेस्टर या इंग्रज वैमानिकाकडे मिळालं. १९३१ मध्ये त्याने एकट्याने जिप्सी मॉथ विमानातून न्यूझीलंड ते ऑस्ट्रेलिया समुद्र पार केला. वाटेत नॉरफॉक बेटावर उतरायचं होतं. बेटाची लांबी जेमतेम ८ किलोमीटर, चहूकडे पॅसिफिक. तो बेटाच्या दिशेने गेलाच नाही. मुद्दाम एका बाजूला नेम धरला, सूर्याचा कोन मोजून ठरलेल्या रेषेवर आल्याची खात्री केली आणि मग वळला. नेम मुद्दाम चुकवला की आपण कुठल्या बाजूला आहोत हा प्रश्नच उरत नाही. महायुद्धात त्याने एकट्याने उडणाऱ्या लढाऊ वैमानिकांसाठी दिशाशोधनाच्या पुस्तिका लिहिल्या.

माझ्याकडे सूर्य मोजायचं साधन नव्हतं, पण सामट्रेडियाहून कुटाइसीकडे जाणारा लोहमार्ग होता. नाक आणखी थोडं डावीकडे धरलं. सुप्सा नदी लागेल, मग रिओनी, मग रूळ. रूळ दिसले की उजवीकडे वळायचं. फोन उलटा.

रूळ मला अपेक्षेपेक्षा बरेच उशिरा दिसले. वळलो, चार-पाच मिनिटांत धावपट्टी आली, उतरलो. दोन दणके बसले, पण उतरलो. भाच्याने फोन सुलटा केला. निळी रेघ ठीकच होती. पहिली टाचणी एका मैलाने चुकलेली. शेवटची, मी अत्यंत आत्मविश्वासाने रिओनीच्या काठावर टोचलेली, खऱ्या जागेपासून दहा-बारा मैल पुढे.

"ही सुप्सा होती, मामा. टाचणी टोचलीस तेव्हा किती मिनिटं झाली होती?"

"अकरा."

"आणि रिओनीला किती हवी होती?"

"चौदा."

"घड्याळ बघितलं नव्हतंस?"

बघितलं होतं की. पण नदी इतकी झकास दिसत होती.