ग्रामसभेचा हिशेब आणि सोर्सकोडमधून उभं राहणारं ग्नूकॅश : पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या गावी हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणजे टॅली. श्यामसुंदर आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आडत्यापासून जिनिंगपर्यंत सगळीकडे पोचलं. सीए तेच मागतो, बी.कॉम. झालेली पोरं तेच शिकतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याचं बस्तान आणखी पक्कं झालं. व्यापाऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण ज्या ग्रामसभेची उलाढाल उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत होते आणि उरलेलं वर्ष खातं शांत असतं, तिने लायसन्सचे पैसे का भरावेत? या प्रश्नातूनच ग्नूकॅशसारखं हिशेबाचं मुक्त (लायसन्सच्या पैशांविना मिळणारं, खुल्या कोडचं) सॉफ्टवेअर गावापर्यंत येतं आणि त्याच्या मागोमाग ते सोर्सकोडमधून, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरातून, कंपाइल करण्याचं, यंत्रावर चालेल असं बनवण्याचं कामही.

हिशेब कोणाच्या हातात, हा वाद आपल्याकडे जुना आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, म्हणून इंग्रजांनी इथल्या बाजारात लक्ष घातलं. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजाराला नियम मिळाले, तरी कीर्द-खतावणी आडत्याच्याच गादीवर राहिली. शेतकऱ्याच्या हाती येई ती चिठ्ठी.

वनहक्क कायद्यानंतर पूर्व विदर्भात चित्र बदललं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकू लागल्या. गाव विक्रेता झालं आणि हिशेबाची जबाबदारीही गावावर आली.

ती जबाबदारी केवढी, हे तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी दिसतं. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. कोणत्या घराने किती पुडे दिले, मजुरी किती झाली, किती दिली, किती राहिली? त्यात ठेकेदाराची अनामत असते. साध्या जमा-खर्चाच्या वहीत ती रक्कम 'जमा' बाजूला बसते आणि सगळ्यांना वाटतं, पैसा आपला झाला. तो आपला झालेला नसतो, ते देणं असतं. दुहेरी नोंदीत, जिथे प्रत्येक रक्कम दोन खात्यांत लिहितात, बँक खातं नावे पडतं आणि 'ठेकेदार अनामत' हे देण्याचं खातं जमा होतं. माल उचलला, हिशेब मिटला, की मगच ती रक्कम उत्पन्नात वळते. गावात तेंदूच्या पैशावरून होणारी बरीचशी भांडणं चोरीची नसतात, या एका नोंदीची असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्नूकॅश दुहेरी नोंदीशिवाय व्यवहार पक्का धरत नाही. दुसरी बाजू दिली नाही, तर फरक 'असंतुलन' खात्यात उघडा पाडतं.

या सॉफ्टवेअरचा उगम १९९७ मधला. रॉबिन क्लार्क यांनी 'एक्स-अकाउंटंट' नावाने ते लिहायला घेतलं आणि लिनास वेप्स्तास वगैरे मंडळींनी पुढे वाढवलं. त्या वेळी ते मोटिफ या लायब्ररीवर (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचावर) चाले आणि मोटिफ तेव्हा मुक्त नव्हती. म्हणजे कोड खुला असूनही त्याचा पाया दुसऱ्याच्या मालकीचा होता. ती अडचण जावी म्हणून ते जीनोम या डेस्कटॉपच्या मुक्त पायावर नेलं आणि २००१ मध्ये १.६ आवृत्ती आली. पण तिला इतक्या लायब्रऱ्या लागत, की कंपाइल करणाऱ्यांच्या नाकी नऊ आले. लायब्रऱ्यांची ती लांबलचक यादी आजही आहे: जीटीके, बूस्ट, वेबकिट, गाइल आणि आणखी कितीतरी. अहवाल गाइल या भाषेत लिहिलेले असतात आणि पडद्यावर वेबकिट दाखवतं, म्हणून एका ताळेबंदासाठी आख्खं ब्राउझरचं इंजिन लागतं.

मग आधीच कंपाइल केलेलं तयार पॅकेज का घेऊ नये? बहुतेकांनी तेच घ्यावं. अडतं ते आवृत्तीपाशी. डेबियनसारखी लिनक्सची वितरणं (लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअर एकत्र देणारे संच) स्थैर्यासाठी आवृत्त्या गोठवतात. ग्नूकॅश ५.० मार्च २०२३ मध्ये आलं, तरी त्याच जूनमध्ये निघालेल्या डेबियन १२ मध्ये ४.१३ च मिळतं. नव्या आवृत्तीतली दुरुस्ती हवी असेल किंवा कोडमध्ये स्वतः काही बदलायचं असेल, तर सोर्सकोड घेण्यावाचून गत्यंतर नाही.

कंपाइल करण्याच्या हत्यारांचा इतिहास तर आणखी मागे जातो आणि आपल्या खेड्यांशी त्याचं नातं अनपेक्षितपणे जुळतं. 'मेक' हे हत्यार स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ वाया गेली होती: चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच केली नव्हती. म्हणून 'मेक' प्रत्येक फाइलची वेळ पाहतं आणि बदललं असेल तेवढंच नव्याने करतं. या एका गुणामुळे भारनियमनाच्या गावात ग्नूकॅश कंपाइल करता येतं. साठ टक्क्यांवर लाइट गेली, तर आल्यावर तीच आज्ञा द्यायची. काम तिथून पुढे सुरू होतं. लाइट जाताना जी फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, तेवढी पुसावी लागते.

मात्र वेळ पाहण्याची ही सवय जुन्या डेस्कटॉपवर उलटते. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला, की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि 'मेक' घड्याळ चुकल्याचा इशारा देतं. तो इशारा कोणी डावलू नये. आज कंपाइल बिघडेल आणि उद्या तेंदूच्या नोंदी भलत्याच सालात जाऊन पडतील. शंभर रुपयांच्या आतला सेल आधी बदलावा.

युनिक्स या संगणकप्रणालीचे प्रकार वाढले तेव्हा प्रत्येक यंत्रावर काय आहे, काय नाही, हे तपासायला १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आलं. त्याच कामाचं सी-मेक २००० च्या सुमाराचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रकल्पासाठी ते किटवेअर कंपनीने केलं. ग्नूकॅशने २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून सी-मेक घेतलं, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली ऑटोकॉन्फची 'कॉन्फिगर' पायरी आता लागत नाही. सोर्सच्या बाहेर वेगळं बिल्ड फोल्डर करायचं, स्थापनेची जागा आपल्या होम फोल्डरात द्यायची, मग मेक, चाचण्या आणि इन्स्टॉल. ऑनलाइन बँकिंगसाठीचं अ‍ॅक्वाबँकिंग मुख्यतः जर्मन बँकांसाठी घडलेलं आहे. पासबुकावर चालणाऱ्या आपल्या गावात ते सी-मेकलाच बंद करायला सांगावं, लायब्रऱ्यांचा तेवढा भार कमी होतो. इंटरनेट लागतं ते सोर्स आणि लायब्रऱ्या उतरवण्यापुरतं. ते काम तालुक्याला उरकून पेन ड्राइव्हवर आणता येतं.

ग्नूकॅशचा मराठी अनुवादही आहे, पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने केलेला. रक्कम ते अपूर्णांकाच्या रूपात, अंश आणि छेद वेगळे ठेवून साठवतं, त्यामुळे हजारो पुड्यांच्या मजुरीत पैशापैशाची घसरण होत नाही.

एका ठिकाणी मात्र थांबायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ज्याची बदल-नोंद (कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद) बंदच करता येत नाही, असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच आहे. ग्नूकॅश प्रत्येक सत्राची लॉग फाइल ठेवतं, पण ती कोणीही पुसू शकतो, आणि जो सोर्सकोड कंपाइल करतो तो ती लिहिण्याची सोयही काढून टाकू शकतो. म्हणून उत्पादक कंपनीने वैधानिक हिशेब यात ठेवू नयेत. ग्रामसभा आणि बचत गटांना कंपन्यांचा हा नियम लागू नाही. त्यांनी फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी कुलूपबंद करणारी मर्यादा लावावी आणि प्रत्येक सभेनंतर फाइलची एक प्रत दुसऱ्या सदस्याकडे द्यावी.